जुन्या कॅटामरानचा रास्त भाव कसा काढायचा

सिंगापूर, दुबई, पर्थ अशा ठिकाणांहून मराठी मंडळींचे फोन येतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो, तोही कॅटामरानबद्दल, म्हणजे दोन धडं (हल) शेजारीशेजारी जोडलेल्या शिडाच्या बोटीबद्दल. "ताई, 38 फुटी कॅटामरान बघितली. मालक 2,15,000 डॉलर म्हणतोय. ठीक आहे ना?" सोबत फोटो असतात. त्यात सूर्यास्त असतो, पांढऱ्या गाद्या असतात, टेबलावर फळांची परडी असते. मी मूळची रत्नागिरीची. आधी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होते, आता मलेशियातल्या लंकावीत राहून घेणाऱ्याच्या बाजूने शिडाच्या जुन्या बोटी तपासते. त्या फोटोंवरून मला भाव सांगता येत नाही, कोणालाच येणार नाही. पण भाव काढायची रीत सांगता येते, आणि बोटीतलं फारसं न कळणाऱ्यालाही ती वही-पेन घेऊन जमते.

रीत अशी. त्याच मॉडेलची, साधारण त्याच वयाची, बऱ्या स्थितीतली बोट प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते आधी शोधायचं. मग आपल्यासमोरची बोट त्या बोटीच्या किती मागे आहे ते पैशात मोजायचं आणि वजा करायचं. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या वजाबाकीसाठीच आहे. मी बोलते आहे ती साधारण 38 ते 45 फुटांच्या, कुटुंबाने राहून प्रवास करायच्या कॅटबद्दल. जुन्या बाजारात त्यांतल्या बऱ्याच फ्रान्सच्या लगून आणि फाउंटन पाजो, नाहीतर केपटाउनला बांधलेल्या लेपर्ड असतात.

विकली गेलेली किंमत कुठून काढायची

जाहिरातीत दिसते ती मागणी किंमत. मालकाने आजवर बोटीवर किती घातले, पुढचं घर घ्यायला त्याला किती हवेत, शेजारच्या धक्क्यावरच्या माणसाने कितीला विकल्याचं सांगितलं, अशा गोष्टींवरून ती ठरते. यॉटवर्ल्डसारख्या संकेतस्थळावर जगभरच्या मागणी किमती दिसतात. झालेल्या विक्रीच्या किमतींची नोंद मात्र सभासद ब्रोकरांनाच बघता येते. म्हणून ब्रोकरकडे सरळ मागा: या मॉडेलच्या गेल्या दोन वर्षांतल्या विक्रीच्या नोंदी दाखवा. चांगला ब्रोकर दाखवतो. तो टाळाटाळ करू लागला तर त्याच मॉडेलची दुसरी बोट विकायला ठेवलेल्या ब्रोकरकडे जा आणि त्याला विचारा. ब्रोकरचं कमिशन विक्रेता देतो, बहुधा 10 टक्के, त्यामुळे माणूस कितीही सज्जन असला तरी तो विक्रेत्याच्या बाजूचा आहे हे धरून चाला.

शेकड्यांनी बांधलेलं मॉडेल घेतलंत तर हे काम सोपं जातं. लगून 380 हे त्याचं उत्तम उदाहरण. इतक्या बोटी बाजारात फिरतात की तुलनेला कधीही पाच-सहा सापडतात. एखाद्या छोट्या कारखान्याने मोजक्या बांधलेल्या बोटीची तुलना कशाशी करणार? अशी बोट कितीही देखणी असली तरी विकताना तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकालाही हीच अडचण येते, म्हणून तिचा भाव थोडा खालीच धरावा.

वहीत प्रत्येक बोटीपुढे वर्ष, ठिकाण, केबिनची मांडणी, इंजिनाचे तास आणि जाहिरात पहिल्यांदा दिसली ती तारीख लिहा. किंमत उतरली की तीही तारखेसह लिहा. मांडणीने भावात मोठा फरक पडतो. एक संपूर्ण हल मालकासाठी ठेवलेली तीन केबिनची बोट आणि तीच बोट चार केबिन, चार संडासांची, यांत पहिलीला नेहमीच जास्त मागणी असते. आणखी एक खूण पाहून ठेवा. एखादी बोट 'व्यवहार चालू' म्हणून जाहिरातीतून गेली आणि दोन महिन्यांनी परत आली, तर पहिल्या गिऱ्हाइकाने तपासणीनंतर काढता पाय घेतलेला असण्याची शक्यता मोठी. तो तपासणी अहवाल मागा. मिळाला नाही तर नेमकं काय सापडलं होतं ते तोंडी तरी विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.

वर्षाची खात्री स्वतः करा. बोटीच्या मागच्या भागावर, उजव्या हाताला वर, हलचा ओळख क्रमांक कोरलेला असतो. त्याची शेवटची चार चिन्हं बघा. तिथे 'जी 809' असेल तर जी म्हणजे सातवा महिना, जुलै; 8 म्हणजे 2008; आणि 09 म्हणजे 2009 चं मॉडेल. ही बोट 2008 च्या जुलैतली. जाहिरातीत 2010 लिहिलं असेल तर ते पहिल्यांदा पाण्यात उतरवल्याचं किंवा नोंदणीचं वर्ष असू शकतं. तुलना करताना मात्र कोरलेलं वर्षच धरायचं.

चार्टरमधून निघालेल्या बोटी

बाजारातल्या जुन्या कॅटपैकी फार मोठा वाटा ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स, ग्रीस, क्रोएशिया अशा ठिकाणी पर्यटकांना भाड्याने दिलेल्या बोटींचा असतो. पाचेक वर्षांचा करार संपला की त्या विकायला निघतात. आपल्याकडे "भाड्याची गाडी नको" म्हणतात तशी भीती इथेही असते, आणि ती अर्धीच खरी आहे. चार्टर कंपनी तेल आणि फिल्टर वेळापत्रकाने बदलते, त्याची नोंद ठेवते. एका जागी तीन वर्षं बांधून ठेवलेल्या, मालक फिरकलाच नाही अशा बोटीपेक्षा मला ती नोंद जास्त आवडते. वाईट बाजूही आहे. इंजिनाचे तास जास्त असतात, कील (हलखालचे उभे पंखे) समुद्रतळाला घासलेल्या असतात, आतलं लाकूडकाम आणि संडासाचे पंप थकलेले असतात. शिवाय बऱ्याचदा वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र), सोलर, मोठा नांगर असं लांबच्या प्रवासाचं सामान नसतं. ते तुम्हाला बसवावं लागतं.

कॅरिबियनमधली बोट असेल तर दोन तारखांना ती कुठे होती ते विचारा: 6 सप्टेंबर 2017 आणि 1 जुलै 2024. पहिल्या दिवशी इर्मा चक्रीवादळाने व्हर्जिन आयलंड्समधला चार्टरचा ताफा झोडपून काढला, दुसऱ्या दिवशी बेरिल ग्रेनाडाच्या कारियाकू बेटावर आदळलं. त्यांत उलटलेल्या, एकमेकींवर चढलेल्या कितीतरी कॅट दुरुस्त होऊन पुन्हा विकल्या गेल्या. दुरुस्त केलेली बोट वाईटच असते असं नाही. दुरुस्तीआधीचे फोटो, विमा कंपनीचा दावा, यार्डाचं (बोट दुरुस्तीच्या कारखान्याचं) बिल आणि काम चालू असताना पाहणी केलेल्या सर्व्हेअरची, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाची, सही, हे सगळं असेल तर मी ती बोट बघायला जाते. तरीही तुलनेच्या भावातून काहीतरी वजा करतेच, कारण पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा येणारा माणूसही हाच प्रश्न विचारणार. कागदच नसतील तर मी जात नाही.

बोटीवर चढण्याआधी आणि चढल्यावर

आधी धक्क्यावर लांब उभं राहून पाण्याची रेघ बघा. कॅट वजनाला फार हळवी असते. रंगाची पट्टी पाण्याखाली गेली असेल, मागच्या पायऱ्या ओल्या असतील, तर बोटीवर सामान कोंबलेलं आहे. अशी बोट हळू चालते आणि लाटा मधल्या तळावर आपटतात. डिंगी (बोटीसोबतची छोटी होडी) घेऊन दोन्ही हलच्या मध्ये जा आणि तो मधला तळ वर मान करून नीट बघा, टॉर्च मारून. तिथे कोनाकोनांत बारीक रेषा दिसल्या तर फोटो काढून सर्व्हेअरला दाखवा. पुढे नाळेशी अ‍ॅल्युमिनियमची आडवी तुळई असते, तिच्या टोकांशी जिथे स्टीलचे बोल्ट लागतात तिथे पांढरी भुकटी आणि रंगाचे फोड बघा. पुढे दोन हलच्या मध्ये बांधलेली जाळी बोटाने ताणा. उन्हाने कुजलेले धागे हाताला लागतात.

चढल्यावर सगळ्यात आधी मी डोलकाठीच्या बुडाशी जाते. एका हलची बोट वाऱ्याच्या झोताने कलते आणि जोर सोडून देते. कॅट कलत नाही, तो सगळा जोर डोलकाठीतून खाली उतरतो. बऱ्याच मॉडेलांत डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचं ओझं खालची आडवी भिंत, म्हणजे मुख्य बल्कहेड, पेलते. डेकवर सरळ पट्टी ठेवून खोलगट भाग आहे का बघा. मग आत जाऊन त्या भिंतीजवळची दारं उघडून-लावून बघा. एका बोटीत दार छान लागत होतं, पण वरच्या कडेचं लाकूड बाकी दारापेक्षा फिकट, कोरं दिसलं. कोणीतरी नुकताच रंधा मारला होता. भिंत खाली बसल्याने दार अडकू लागलं होतं आणि दारच छाटून टाकलं होतं. भिंतीचं पॅनेल काढल्यावर प्लायवूडला तडा होता. या एका जागेची दुरुस्ती बोटीच्या किमतीचा मोठा घास घेते, म्हणून इथे पंधरा मिनिटं जास्त घालवली तरी चालतील.

डेक ठोकून बघायला प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी पुरते. पिकला की नाही बघायला फणस थापटतो तसं दर वीतभर अंतरावर ठोकत जायचं. टणक, बारीक आवाज येत असला की ठीक. मध्येच थप्प, मेल्यासारखा आवाज आला की तिथे वरचा फायबरग्लास आतल्या बाल्सा लाकडापासून सुटला आहे किंवा लाकूड ओलं आहे. विंच (दोर ओढायची चरखी), क्लीट (दोर बांधायची खुंटी), रेलिंगचे खांब यांच्या भोवती नक्की ठोका, पाणी तिथूनच शिरतं. ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरचा आकडा एकट्याने काही सांगत नाही. नुकत्याच वर काढलेल्या बोटीचा तळ ओलाच असतो. आवाज आणि मीटर दोन्ही एकाच जागी बोट दाखवतात तेव्हा काळजी करायची.

आमच्या भागातल्या बोटींना उन्हाचा मार असतो. लंकावी-फुकेत पट्ट्यात काही वर्षं उभ्या असलेल्या बोटीच्या मोठ्या खिडक्यांचा डिंक सुटतो, अ‍ॅक्रिलिकवर जाळं पडतं. सोफ्याच्या मागे, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात हात घाला. ओल, काळा डाग, चिकट मीठ लागलं तर खिडकी गळते आहे. कॅटच्या पुढच्या खिडक्या मोठ्या आणि वळणदार असतात, त्या बदलायचा खर्च माणसं नेहमी कमी धरतात.

उभ्या रिगिंगचं, म्हणजे डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांचं, वय बिलावरून ठरवा, मालकाच्या आठवणीवरून नको. साधारण 10 वर्षं झाली की बऱ्याच विमा कंपन्या तारा बदलल्याशिवाय डोलकाठीचा विमा देत नाहीत. तारा जिथे टर्मिनलमध्ये (टोकाच्या धातूच्या पकडीत) शिरतात तिथे टिश्यू पेपर फिरवा. तुटलेला एखादा बारीक धागा असला तर कागद अडकतो. शिडांना हात लावून बघा, शिवण नखाने ओढून बघा. जेनोआच्या (पुढच्या मोठ्या शिडाच्या) कडेची ऊन अडवणारी पट्टी फाटलेली असेल तर खालचं कापडही गेलेलं असतं.

इंजिनं

इथे मी जरा रेंगाळणार. कॅटला इंजिनं दोन, म्हणजे खर्चही दुप्पट, आणि मालक लोक नेमकं इथेच "इंजिनं एकदम मस्त" एवढं म्हणून पुढे जातात.

बघायला जाण्याच्या आदल्या दिवशी कळवा की इंजिनं थंड हवीत. पोचल्यावर पहिलं काम, ब्लॉकवर तळहात ठेवायचा. कोमट लागलं तर कोणीतरी तुमच्या आधी चालू करून ठेवलं आहे. त्याला साधं कारण असू शकतं, पण थंड इंजिन कसं उठतं हे तुम्हाला बघता आलं नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन चालू होताना थोडा धूर येणं साहजिक आहे. पाच मिनिटांनी निळा धूर राहिला तर तेल जळतं आहे, काळा राहिला तर डिझेल नीट जळत नाही. पांढऱ्यात वाफ किती आणि न जळलेलं डिझेल किती, हे वासावरून आणि पाण्यावरच्या तवंगावरून कळतं. मागून समुद्राचं पाणी दोन्ही बाजूंना सारख्याच जोराने पडतं का बघा. एका बाजूला बारीक धार असेल तर इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेतला इम्पेलर, हीट एक्स्चेंजर किंवा एक्झॉस्टचा मिक्सिंग एल्बो, यांपैकी काहीतरी चोंदलं आहे.

दोन्ही तासमापकांचे आकडे शेजारीशेजारी लिहा. एकावर 4,200 आणि दुसऱ्यावर 2,600 असेल तर का ते विचारा. बॅटरी चार्ज करायला एकच इंजिन चालवायची सवय असते, हे साधं उत्तर आहे. एक इंजिन बदललं असेल तर बिल हवं. तासांनी घाबरू नका. नीट राखलेलं छोटं डिझेल इंजिन 5,000 तासांपुढेही चांगलं चालतं. मला 15 वर्षांत 700 तासच चाललेल्या इंजिनाची जास्त चौकशी करावीशी वाटते, कारण उभं राहून गंज चढतो.

बहुतेक कॅटमध्ये सेलड्राइव्ह असतो, म्हणजे हलच्या तळातून खाली उतरलेला पाय, आणि हलचं भोक बंद ठेवणारं रबराचं डायाफ्राम. व्होल्वोचा सल्ला ते दर 7 वर्षांनी बदलण्याचा आहे. दोन्ही बाजूंचं बिल मागा. डिपस्टिक काढून सेलड्राइव्हचं तेल बघा. ते दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरलं आहे. यानमारच्या एसडी50 सेलड्राइव्हमध्ये कोन क्लच झिजून घसरतो. चाचणीत गिअर पुढे टाकून वेग वाढवल्यावर इंजिन ओरडतं पण बोट पुढे सरकायला उशीर करते, ही त्याची खूण.

समुद्रातल्या चाचणीत थोडा वेळ पूर्ण थ्रॉटल द्या. इंजिनाने कारखान्याने सांगितलेला आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, आकडा गाठला पाहिजे. यानमार 3वायएम30 चा 3,600 आणि व्होल्वो डी1-30 चा 3,200 आरपीएम. दोनतीनशे कमी पडले तर तळावर शंख-शिंपले आहेत, पंखा चुकीचा आहे किंवा इंजिन थकलं आहे. तळ त्याच दिवशी वर काढून बघणार असाल तर पहिलं कारण लगेच तपासता येतं. पूर्ण थ्रॉटल द्यायला मालक नको म्हणाला तर मी चाचणी तिथेच थांबवते. आणि तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. त्या एका चाचणीचा खर्च किरकोळ असतो.

भाव आणि खर्च वेगळे मोजा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. तपासणीत दहा गोष्टी निघाल्या की लोक दहाही गोष्टींचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करतात. विक्रेता चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं. 15 वर्षांची "बरी" बोट कितीला विकली गेली असं आपण शोधलं, तेव्हा त्या बोटीच्याही तारा, शिडं, बॅटऱ्या अर्धवट वापरलेल्याच होत्या. ती झीज त्या भावात आधीच धरलेली आहे.

म्हणून मी दोन रकाने करते. पहिला झिजेचा. ज्या वस्तूंचं आयुष्य ठरलेलं आहे आणि ते इथे संपलं आहे त्यांचा अर्धा खर्च वजा. दुसरा दोषांचा. जे मोडलं आहे, गळतं आहे, करायचं होतं पण केलं नाही, त्याचा पूर्ण खर्च वजा.

समजा तुलनेची बरी बोट 1,90,000 डॉलरला गेली आहे, आणि समोरची मागणी 2,15,000 आहे. झिजेच्या रकान्यात तारा 12,000, जेनोआ 5,000, बॅटऱ्या 3,000, जाळी 2,000, मिळून 22,000, त्याचे अर्धे 11,000. दोषांच्या रकान्यात दोन्ही डायाफ्राम आणि सील 4,500, गळक्या खिडक्या 6,000, पाणी मुरलेलं एक सुकाणू 3,500, मिळून 14,000. एकूण वजा 25,000. रास्त भाव 1,65,000. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या बोटीसाठी त्याच गावातल्या रिगरकडून (डोलकाठी-तारांचं काम करणाऱ्याकडून) आणि यार्डाकडून लेखी अंदाज घ्या, कारण मजुरी लंकावीत एक असते आणि अमेरिकेतल्या फोर्ट लॉडरडेलमध्ये दुसरीच.

आता खर्च बघा. भाव 1,65,000 ठरला तरी तारा अर्ध्या पैशात येणार नाहीत. त्या सगळ्या कामांचे 36,000 तुम्हाला दीड-दोन वर्षांत घालायचेच आहेत. म्हणजे 2,01,000 झाले. वर सर्व्हे, बोट वर काढणं, प्रवास, पहिल्या वर्षाचा विमा, आणि कोणालाच न दिसलेल्या गोष्टींसाठी राखीव. तुमची एकूण मर्यादा 2,00,000 असेल तर ही बोट भावाने रास्त असूनही तुमच्यासाठी महाग आहे. हे वाक्य मी फोनवर पुन्हा पुन्हा सांगते, आणि माणसं नाराज होतात, पण नवरा-बायकोने पीएफ मोडून आणलेले पैसे असतात, ते अर्ध्या वाटेत यार्डात संपलेले मला बघवत नाहीत.

अगदी स्वस्तात मिळणाऱ्या, "थोडं काम आहे" अशा बोटीचं गणितही याच रकान्यांत घाला. बहुतेक वेळा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला निघतो.

बेरजेच्या बाजूला काय धरायचं? जनरेटर, वॉटरमेकर, सोलर, नवे नॅव्हिगेशनचे पडदे यांची मालकाकडे बिलं असतात आणि त्याला ते सगळे पैसे परत हवे असतात. माझा नियम कडक आहे. दोन-तीन वर्षांतलं, चालताना दाखवलेलं, आणि तुम्हाला खरंच लागणारं असेल तर किमतीचा तिसरा हिस्सा धरा. बाकीचं शून्य. घरगुती पद्धतीने बसवलेल्या लिथियम बॅटऱ्यांना मी उलट थांबवते. विमा कंपनी बसवणाऱ्याचं प्रमाणपत्र मागते, ते नसलं तर काम पुन्हा करून घ्यावं लागू शकतं.

सौदा

सर्व्हेअर तुम्ही शोधा, ब्रोकरने सुचवलेला एकटा घेऊ नका. इसार बहुधा 10 टक्के असतो आणि तो ब्रोकरच्या ग्राहक-खात्यात किंवा एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाइताकडच्या खात्यात, राहिला पाहिजे, मालकाच्या खिशात नाही. करारात स्पष्ट लिहून घ्या की सर्व्हे, समुद्रातली चाचणी आणि मालकीचे कागद तुमच्या पसंतीस उतरले नाहीत तर इसार पूर्ण परत. पहिला देकार मी रास्त भावापेक्षा थोडा खाली ठेवायला सांगते, वरच्या उदाहरणात 1,55,000 च्या आसपास. सर्व्हेनंतर पुन्हा बसाल तेव्हा फक्त नव्याने सापडलेल्या दोषांवर, यार्डाच्या लेखी अंदाजासह बोला. आधीच दिसत असलेल्या फाटक्या जाळीसाठी पुन्हा घासाघीस केली की समोरचा माणूस उठून जातो. त्याने त्या बोटीवर मुलं वाढवलेली असतात, म्हातारपण आलेलं असतं. नीट बोललं तर तोच माणूस तुम्हाला कुठला पंप कधी दगा देतो ते बसून सांगतो, आणि ती माहिती पैशात मोजता येत नाही.

ऋतूही बघा. कॅरिबियनमध्ये जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वादळांचा हंगाम. मे महिन्यात, विम्यासाठी बोट दक्षिणेला हलवायची वेळ आली की विक्रेता लवकर ऐकतो. भूमध्य समुद्रात सप्टेंबर-ऑक्टोबरला चार्टर ताफे मोकळे होतात. आमच्याकडे, पश्चिमेकडे जायचा विचार असलेली माणसं लाल समुद्रातली परिस्थिती बघून लंकावी-फुकेतमध्येच बोट विकून विमानाने घरी जातात, अशा वेळी चांगल्या राखलेल्या बोटी निघतात.

कर कुठे भरला आहे त्याने भाव बदलतो, पण फक्त ज्याला तो उपयोगी आहे त्याच्यासाठी. युरोपात राहणाऱ्या माणसाला व्हॅट भरल्याचा पुरावा असलेली बोट मोलाची. तुम्ही युरोपाबाहेरचे रहिवासी आणि बोटही बाहेरच्या नोंदणीची असेल तर ती 18 महिने तात्पुरती तिथे ठेवता येते, आणि बोट लंकावीला आणणार असाल तर त्या व्हॅटसाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. लंकावी 1987 पासून करमुक्त बेट आहे, म्हणून इथल्या बोटीवर बहुधा कुठलाच कर भरलेला नसतो. ती मुंबई किंवा गोव्याला कायमची नेण्याचं मनात असेल तर आयात शुल्क आणि जीएसटी मिळून बोटीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होतात. इसार देण्याआधी कस्टम हाउस एजंटकडून लेखी आकडा घ्या आणि तो खर्चाच्या बेरजेत घाला. जागेचाही विचार करा. लगून 380 ची रुंदी साडेसहा मीटर आहे. बऱ्याच मरीनांमध्ये (बोटी लावायच्या गोद्यांमध्ये) एवढ्या रुंदीला दीडपट-दुप्पट भाडं पडतं, आणि प्रत्येक यार्डाचं ट्रॅव्हल लिफ्ट, म्हणजे बोट पाण्यातून उचलणारं यंत्र, तेवढं रुंद नसतं.

शेवटी कागद. कारखान्याच्या प्रमाणपत्रापासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक विक्रीपत्र सलग हवं, एकही कडी तुटलेली नको. बोटीवर कर्ज नाही याचा दाखला आणि जुन्या ध्वजाची, म्हणजे आधीच्या देशातली, नोंदणी रद्द झाल्याचा दाखला हवा. विमा कंपनीकडून तुमच्या नावाने, तुमच्या अनुभवाच्या आधारे लेखी कोट हवं. 20 वर्षांपुढच्या बोटीला ते मिळेलच असं गृहीत धरू नका. ताबा घेताना सामानाची यादी हातात घेऊन बोटीवर फिरा. डिंगीच्या इंजिनाचा क्रमांक, लाइफराफ्टच्या सर्व्हिसची तारीख, सुटी शिडं, सुटे भाग, सगळं यादीशी ताडून बघा. दोघांच्या सह्या झाल्या की मगच एस्क्रोमधली उरलेली रक्कम सोडायला सांगा.